पलूसचे नाव देशभर नेणारे गायनाचार्य : पं. विष्णू दिगंबर पलुसकर

आपल्या गावाचे नाव बाहेर दोन कारणांनी घेतले जाते. एक द्राक्षांसाठी, आणि दुसरे एका गवयाच्या आडनावामुळे. दिल्ली, जालंधर किंवा वाराणसीकडच्या एखाद्या संगीतप्रेमी माणसाला पलूस कोठे आहे हे सांगता येणार नाही. पण पलुसकर हे नाव उच्चारताच तो आदराने मान लववील. हे नाव ज्यांच्यामुळे मोठे झाले ते गायनाचार्य पंडित विष्णू दिगंबर पलुसकर. त्यांच्या घराण्याचे मूळ आडनाव गाडगीळ. हे घराणे मूळचे पलूसचे म्हणून त्यांना पलुसकर म्हणू लागले.

पंडितजी गायक म्हणून थोर होतेच, पण त्यांचे खरे मोठेपण शिक्षक म्हणून आहे. आज आपल्या मुली-मुलांना गाण्याच्या क्लासला पाठवताना आपल्याला संकोच वाटत नाही. गाण्याची पुस्तके दुकानात मिळतात, परीक्षा होतात, प्रमाणपत्रे मिळतात, आणि तिकीट काढून कोणीही मैफलीला जाऊन बसू शकतो. सव्वाशे वर्षांपूर्वी यांतले जवळजवळ काहीच नव्हते. हा बदल घडवून आणण्यासाठी एका अधू डोळ्यांच्या माणसाने आपले सारे आयुष्य वेचले. त्यांची ओळख निदान पलूसच्या रहिवाशांना तरी असायला हवी.

बालपण आणि अपघात

विष्णू यांचा जन्म १८ ऑगस्ट १८७२ रोजी कुरुंदवाड येथे झाला. कृष्णामाई आपल्या तालुक्यातून औदुंबर, भिलवडी करीत सांगलीकडे जाते आणि पुढे नरसोबाच्या वाडीला पंचगंगेला भेटते. त्या संगमाजवळच कुरुंदवाड आहे. त्या काळी ते पटवर्धनांचे एक छोटे संस्थान होते. विष्णूंचे वडील दिगंबर गोपाळ हे कीर्तनकार होते. साहजिकच घरात अभंग, पदे, टाळ-मृदंग यांचा राबता होता. मुलाचा आवाज गोड होता आणि वडिलांच्या मागे उभे राहून साथ करता करता त्याच्या कानावर सूर-तालाचे संस्कार होत गेले.

लहान वयातच या मुलावर मोठे संकट कोसळले. दत्तजयंतीच्या उत्सवात शोभेची दारू उडवली जात होती. एक फटाका त्याच्या तोंडासमोरच फुटला आणि दोन्ही डोळ्यांना जबर इजा झाली. उपचारासाठी त्याला मिरजेला नेण्यात आले. जीव वाचला, पण दृष्टी मात्र पूर्ववत झाली नाही. शाळेचे पुढचे शिक्षण अशक्य झाले. ज्या काळात अधू दृष्टीच्या मुलासाठी कोणतीही सोय नव्हती, त्या काळात आईवडिलांच्या मनाची काय अवस्था झाली असेल याची कल्पना आपण करू शकतो.

मिरजेच्या डॉक्टरांनी मुलाचा आवाज ऐकला होता. याला गाणे शिकवा, असा सल्ला त्यांनी दिला. तो सल्ला मानला गेला आणि या मुलाच्या आयुष्याला दिशा मिळाली.

मिरजेची बारा वर्षे

त्या वेळी मिरज संस्थानच्या आश्रयाला पं. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर हे थोर गवई होते. महाराष्ट्रात ग्वाल्हेरची ख्याल गायकी आणून रुजवणारे म्हणून त्यांचे नाव संगीताच्या इतिहासात कायमचे कोरले गेले आहे. ही विद्या त्यांनी सहज मिळवली नव्हती. घरदार सोडून ते उत्तरेत गेले आणि ग्वाल्हेरच्या वासुदेवबुवा जोशी यांच्याकडे राहून त्यांनी ती संपादन केली. वासुदेवबुवा हे उस्ताद हस्सूखाँ यांचे शिष्य. म्हणजे मुसलमान उस्तादाने ब्राह्मण शिष्याला दिलेली विद्या दोन पिढ्यांनी कृष्णाकाठी आली आणि विष्णूंच्या गळ्यात उतरली. कला देताना आणि घेताना जातधर्म आड येत नाही, याचे हे चांगले उदाहरण आहे.

बाळकृष्णबुवांकडे विष्णूंनी सुमारे बारा वर्षे शिक्षण घेतले. त्या वेळची शिकण्याची रीत आजच्यापेक्षा फार वेगळी होती. शिष्याने गुरूच्या घरी राहायचे, पडेल ते काम करायचे आणि गुरू देतील तेव्हा व देतील तेवढे घ्यायचे. वही नाही, पुस्तक नाही. एकेक बंदिश पुन्हा पुन्हा ऐकून पाठ करायची. एकेका रागावर महिनोन् महिने घासायचे. या पद्धतीत गळा पक्का तयार होई यात शंका नाही. पण ती फार थोड्यांच्या वाट्याला येई. गुरूची मर्जी फिरली तर शिक्षण थांबे. काही गवई तर आपल्या खास चिजा शिष्यांनाही न देता सोबत घेऊन गेले. स्त्रियांच्या बाबतीत सांगायचे तर प्रतिष्ठित घरातल्या मुलीने गाणे शिकणे हेच मुळी कमीपणाचे समजले जाई.

गवयाचे समाजातील स्थानही चमत्कारिक होते. लोक त्याच्या गाण्यावर खूश होत, पण त्याला आपल्या पंक्तीला बसवत नसत. विष्णूंच्या बाबतीतला एक प्रसंग त्यांच्या चरित्रात सांगितला जातो. मिरजेत एक समारंभ होता. संस्थानिकांची विष्णूंवर मर्जी असल्यामुळे त्यांना निमंत्रण आले. पण त्यांच्या गुरूंना मात्र बोलावणे नव्हते. त्यांनी कारण विचारले, तेव्हा गवयांना अशा समारंभाला बोलावण्याची पद्धत नाही, असे उत्तर मिळाले. ज्या गुरूंच्या पायाशी बसून आपण बारा वर्षे विद्या घेतली, त्यांची किंमत दरबारात एवढीच! हा घाव विष्णूंच्या मनात खोल गेला. गाणाऱ्याला आणि गाण्याला समाजात मान मिळवून द्यायचा, हा निश्चय त्यांनी केला. १८९६ मध्ये वयाच्या चोविसाव्या वर्षी त्यांनी मिरज सोडली.

दरबारातून लोकांमध्ये

हातात तंबोरा, सोबत एक-दोन सहकारी आणि डोळ्यांत अंधुक उजेड, अशा अवस्थेत त्यांचा प्रवास सुरू झाला. औंध, सातारा, बडोदे करीत ते सौराष्ट्रात गेले. दरबारात त्यांचे गाणे होई, बिदागी मिळे, राहण्याचा आग्रहही होई. मनात आणले असते तर एखाद्या संस्थानात दरबारी गवई म्हणून सुखाने राहता आले असते. पण पुन्हा तेच जिणे पत्करण्याची त्यांची इच्छा नव्हती.

सौराष्ट्रात त्यांनी एक नवी गोष्ट केली. अल्पसे तिकीट लावून सर्वांसाठी गाण्याचा जाहीर कार्यक्रम केला. आज आपल्याला यात विशेष काही वाटणार नाही. पण तोपर्यंत रागदारी गाणे राजवाड्यात, श्रीमंतांच्या दिवाणखान्यात किंवा देवळात होत असे. सामान्य दुकानदार, कारकून, शाळामास्तर यांना ते ऐकायला मिळणे कठीण होते. चार पैसे देऊन तिकीट घेतले की राजा आणि रंक सारखेच श्रोते झाले. गवयाच्या दृष्टीनेही हा मोठा बदल होता. बिदागी ही कोणाच्या तरी मेहेरबानीवर अवलंबून असते. तिकिटाचा पैसा मात्र श्रमाचा मोबदला असतो.

पुढे ग्वाल्हेर, मथुरा, दिल्ली असा प्रवास झाला. मथुरेत राहून त्यांनी ब्रज भाषा आणि हिंदी यांचा अभ्यास केला, कारण ख्याल-धृपदांची भाषा ती. जी चीज आपण गातो तिचा अर्थ आपल्याला कळला पाहिजे, हा त्यांचा आग्रह होता. तेथून पंजाबात जालंधरला, आणि अखेर ते लाहोरला पोहोचले.

लाहोरचे विद्यालय

५ मे १९०१ रोजी लाहोरमध्ये पंडितजींनी गांधर्व महाविद्यालयाची स्थापना केली. त्या वेळी त्यांचे वय होते अवघे अठ्ठावीस. मराठी मुलखातला एक तरुण, ज्याला नीट दिसत नाही, ज्याच्यामागे ना घरचा पैसा ना राजाचा आधार, तो हजार मैलांवरच्या पंजाबी शहरात गाण्याची शाळा काढतो, ही गोष्टच विलक्षण आहे. संस्थानिकाच्या खजिन्यावर न विसंबता लोकांच्या वर्गणीवर आणि विद्यार्थ्यांच्या फीवर ही शाळा चालली. संगीत शिक्षणाच्या बाबतीत ही नवीच वाट होती.

सुरुवातीला विद्यार्थी फारसे आले नाहीत. चांगल्या घरातली मुले गाणे शिकायला पाठवायची म्हणजे लोकांना धाडसच वाटे. पण पंडितजींचे वागणे, त्यांचा स्वच्छ पोशाख, निर्व्यसनी राहणी आणि वेळेचा काटेकोरपणा पाहून लोकांचा विश्वास बसू लागला. गवई म्हणजे व्यसनी, बेभरवशाचा माणूस ही समजूत त्यांनी भाषणे करून घालवली नाही. स्वतःच्या जगण्याने घालवली. ठरल्या वेळी वर्ग सुरू, ठरल्या वेळी कार्यक्रम सुरू. विद्यार्थी हळूहळू वाढले. स्त्रियांनाही शिक्षणाची दारे उघडली गेली, आणि घरंदाज बायकांनी गाणे शिकण्याला प्रतिष्ठा येऊ लागली.

विद्यालयात दोन प्रकारचे विद्यार्थी असत. एक, फी भरून आवडीपुरते शिकणारे. दुसरे, उपदेशक वर्गातले. या दुसऱ्या वर्गातल्या गरीब पण गुणी मुलांना पंडितजी आपल्याजवळ ठेवून घेत. त्यांच्या जेवणाखाण्याची व राहण्याची व्यवस्था करीत आणि त्या बदल्यात ठरावीक वर्षे शिकून पुढे संगीताचा प्रसार करण्याचे वचन घेत. म्हणजे जुन्या गुरुकुलातली जवळीक त्यांनी सोडली नाही आणि नव्या शाळेतली शिस्तही आणली. शिस्त मात्र कडक होती. पहाटे उठणे, रियाज, व्यायाम, पाठांतर, यांत सवलत नसे. काही मुले कंटाळून पळूनही जात. जी टिकली त्यांनी पुढे देश गाजवला.

गाणे कागदावर

शाळा म्हटली की पुस्तके हवीत. पण गाणे पुस्तकात लिहायचे कसे? सा, रे, ग, म ही अक्षरे होती. पण तो सूर वरच्या सप्तकातला की खालच्या, कोमल की शुद्ध, एक मात्रेचा की पाव मात्रेचा, हे कसे दाखवायचे? यासाठी पंडितजींनी स्वतःची स्वरलेखन पद्धती तयार केली. कोमल स्वराला पाय मोडल्याची खूण, मंद्र सप्तकासाठी डोक्यावर टिंब, तार सप्तकासाठी उभी रेघ, आणि प्रत्येक स्वराखाली त्याची मात्रा दाखवणारे चिन्ह. अशा रीतीने अख्खी बंदिश कागदावर उतरू लागली. संगीत बालप्रकाश, राग प्रवेश अशी त्यांची पुस्तके निघाली. संगीतामृत प्रवाह हे मासिक सुरू झाले. छपाईची व्यवस्थाही त्यांनी स्वतःच उभी केली. ज्याला स्वतःला वाचणे कठीण, त्याने इतरांसाठी गाणे वाचता येईल असे केले, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

याच काळात पं. विष्णू नारायण भातखंडे हेही मुंबईत बंदिशी गोळा करून त्यांचे स्वरलेखन करण्याचे प्रचंड काम करीत होते. भातखंडे हे वकील आणि संशोधक, तर पलुसकर हे गवई आणि शिक्षक. दोघांच्या पद्धती वेगळ्या, स्वभावही वेगळे. भातखंड्यांची लिपी लिहायला-वाचायला सोपी असल्याने पुढे तीच अधिक पसरली. पलुसकरांची लिपी अधिक काटेकोर, पण तिच्यात चिन्हे फार. दोन विष्णूंनी मिळून, परस्परांशी फारसे न जुळताही, हिंदुस्थानी संगीताला पुस्तक आणि शाळा दिली, असे आज आपण म्हणू शकतो.

आपल्या वाचकांना येथे गोव्याची आठवण होईल. पोर्तुगीज काळात गोव्यातल्या धर्मग्रामांच्या शाळांमध्ये लहान मुलांना स्वर वाचायला आणि व्हायोलिन वाजवायला शिकवले जाई. गायकवृंदासाठी दिलेल्या त्या शिक्षणातून कितीतरी वादक तयार झाले आणि मुंबईच्या हॉटेलांतले जॅझ बँड व चित्रपटांचे वाद्यवृंद त्यांनीच भरले. मजोर्ड्याचे व्हायोलिनवादक अँथनी गोन्साल्विस हे त्यांतलेच एक. त्यांच्याकडे शिकलेल्या प्यारेलाल यांनी पुढे संगीतकार झाल्यावर, १९७७ च्या अमर अकबर अँथनी या चित्रपटातील गाण्यात आपल्या गुरूचे नाव गुंफले. गोव्यातली ती शाळा आणि लाहोरमधले हे विद्यालय यांचा एकमेकांशी काही संबंध नव्हता. पण दोन्हीकडे गोष्ट एकच दिसते. सूर कागदावर आला आणि शाळेचे दार उघडे राहिले की साध्या घरातले मूलही संगीतकार होऊ शकते.

तानसेन नव्हे, कानसेन

पंडितजींवर एक आक्षेप तेव्हाही घेतला जाई. वर्गात पंचवीस मुलांना एकत्र शिकवून गवई तयार होतात का? शाळेच्या घंटेवर राग शिकता येतो का? आक्षेप अगदीच चुकीचा नव्हता. मोठा कलावंत आजही गुरूसमोर एकट्याने बसूनच घडतो. पंडितजींनाही याची जाणीव होती. आपल्या शाळेतून तानसेन निघतील असा दावा त्यांनी केला नाही. आपल्याला चांगले कानसेन तयार करायचे आहेत, अशी त्यांची भूमिका होती. गाणे समजून ऐकणारा, त्यावर प्रेम करणारा, घरात चार भजने सुरात म्हणणारा समाज तयार झाला तरच कलावंत जगेल. राजे जाणार, संस्थाने जाणार, मग गाण्याला आश्रय कोण देणार? उत्तर एकच, सुजाण श्रोता. हे त्यांनी संस्थाने विलीन होण्याच्या कितीतरी आधी ओळखले होते.

देशकार्य

१९०८ मध्ये पंडितजींनी मुंबईत विद्यालय सुरू केले आणि हळूहळू तेच कामाचे मुख्य केंद्र झाले. लाहोरची शाखा चालूच होती. १९१६ मध्ये तिची जबाबदारी त्यांनी आपल्या तरुण शिष्यावर, ओंकारनाथ ठाकूर यांच्यावर सोपवली. विशीतही न आलेल्या मुलावर एवढा विश्वास टाकणे हेही शिक्षकाचे मोठेपणच.

स्वातंत्र्याची चळवळ जोर धरत होती. काँग्रेसच्या अधिवेशनांत पंडितजी वंदे मातरम् गात. १९२३ च्या काकिनाडा अधिवेशनात अध्यक्ष मौलाना मोहम्मद अली यांनी गाण्याला हरकत घेतली, तरी पंडितजींनी गाणे पूर्ण केले. ती घटना पुढे बरीच गाजली. महात्मा गांधींना साबरमती आश्रमातल्या प्रार्थनेसाठी संगीताचा जाणकार हवा होता, तेव्हा पंडितजींनी आपला आवडता शिष्य नारायण मोरेश्वर खरे यांना तेथे पाठवले. खरेशास्त्री आश्रमाचेच झाले. आश्रम भजनावली त्यांनी संकलित केली आणि १९३० च्या दांडी यात्रेत ते गांधीजींबरोबर चालले. रघुपति राघव राजाराम या धूनीची सर्वपरिचित चाल पंडितजींची, असे मानले जाते. गायकाचे नाव ठाऊक नसलेल्या लाखो लोकांच्या ओठांवर त्याचा सूर असावा, यापरते मोठे पारितोषिक कोणते?

कर्ज, लिलाव आणि नाशिक

ही कहाणी इथेच संपली असती तर ती यशाची साधी गोष्ट ठरली असती. पण पंडितजींना व्यवहार जमला नाही. मुंबईत विद्यालयाची स्वतःची इमारत असावी म्हणून त्यांनी मोठे कर्ज काढले. उपदेशक वर्गातल्या मुलांचा खर्च, छपाई, वाद्ये, शिक्षकांचे पगार, सारेच वाढत गेले. कर्ज फेडण्यासाठी ते गावोगाव जलसे करीत हिंडले. जमलेले पैसे व्याजात जात. अखेर १९२० च्या दशकात इमारतीचा लिलाव झाला. ज्या वास्तूसाठी जिवाचे रान केले ती डोळ्यांदेखत गेली.

घरातले दुःख तर याहून मोठे होते. पंडितजींना बारा अपत्ये झाली. त्यांपैकी एकटा दत्तात्रेय तेवढा जगला. एकामागून एक अकरा मुले मातीआड करताना त्या मातेची आणि पित्याची काय स्थिती झाली असेल! आपल्या धर्मग्रामात ज्यांनी अपत्यवियोग सोसला आहे त्यांना ते वेगळे सांगायला नको.

अशा माणसाने हाय खाऊन बसावे, यात नवल नव्हते. पंडितजींचे मन विरक्तीकडे झुकले हे खरे. ते भगवी वस्त्रे वापरू लागले. नाशिकला त्यांनी रामनाम आधार आश्रम स्थापन केला आणि तुलसी रामायणाचे गायन व प्रवचन यांत रमले. त्यांच्या काही चाहत्यांना याचे वाईट वाटले. एवढा मोठा ख्याल गायक केवळ भजनातच अडकला, अशी हळहळ व्यक्त झाली. पण शिकवणे त्यांनी तेथेही सोडले नाही. इमारत नव्हती, पैसा नव्हता. पण शिष्य भोवती होते आणि तंबोरा होता. शाळेला लागते ते एवढेच, असे जणू त्यांनी दाखवून दिले.

अखेरच्या काळात प्रकृती ढासळली तेव्हा ते मिरजेला आले. ज्या गावात डोळे गमावलेल्या मुलाला सूर मिळाला होता, त्याच गावात २१ ऑगस्ट १९३१ रोजी त्यांनी देह ठेवला. तीन दिवसांपूर्वीच त्यांना एकोणसाठ वर्षे पूर्ण झाली होती. मागे पत्नी आणि दहा वर्षांचा मुलगा होता.

शिष्यांनी काय केले?

गुरू गेल्यावर काय उरले? शिष्यांनी त्याचे उत्तर चार महिन्यांतच दिले. डिसेंबर १९३१ मध्ये अहमदाबादला जमून त्यांनी गांधर्व महाविद्यालय मंडळाची स्थापना केली. गावोगावच्या शाळांना एक अभ्यासक्रम आणि एक परीक्षा असावी, हा त्यामागचा हेतू. आज आपली मुले प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद, अलंकार अशा ज्या परीक्षा देतात, त्या याच अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या. मंडळाचे कार्यालय आपल्या जवळच, मिरजेच्या ब्राह्मणपुरीत आहे.

मिरजेचेच विनायकराव पटवर्धन बालगंधर्वांच्या नाटक कंपनीत नट म्हणून नाव मिळवून होते. गुरूच्या निधनानंतर त्यांनी रंगभूमी सोडली आणि १९३२ मध्ये पुण्याला गांधर्व महाविद्यालय काढले. त्यांचे शिष्य विनयचंद्र मौद्गल्य यांनी १९३९ मध्ये दिल्लीत तेच कार्य सुरू केले. ओंकारनाथ ठाकूर काशी हिंदू विश्वविद्यालयातल्या संगीत महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. १५ ऑगस्ट १९४७ च्या सकाळी आकाशवाणीवरून देशाने जे वंदे मातरम् ऐकले ते त्यांच्याच आवाजातले. कोल्हापूरचे नारायणराव व्यास यांच्या ध्वनिमुद्रिका घरोघरी पोहोचल्या. मिरजेचेच प्रा. बा. र. देवधर यांनी १९२५ मध्ये मुंबईत संगीत विद्यालय काढले. ते पाश्चात्त्य संगीतही शिकले होते. चांगले ते कोठूनही घ्यावे, अशी त्यांची वृत्ती होती. याच देवधर मास्तरांकडे बेळगावजवळच्या सुळेभावीचा एक लहान मुलगा शिकायला आला आणि पुढे कुमार गंधर्व म्हणून जगाला माहीत झाला. कुमारांची गायकी पलुसकरांच्या गायकीपेक्षा किती वेगळी! शिष्याने गुरूची नक्कल केलीच पाहिजे, असा हट्ट या परंपरेत उरला नाही, हेही लक्षात घ्यावे.

आणि तो दहा वर्षांचा दत्तात्रेय? वडिलांकडून त्याला फार थोडे शिकायला मिळाले होते. वडिलांच्या शिष्यांनी, म्हणजे विनायकराव पटवर्धन आणि नारायणराव व्यास यांनी, त्याला शिकवले. गुरूने ज्यांना पोरासारखे सांभाळले, त्यांनी गुरूच्या पोराला घडवले. १९३५ मध्ये, चौदा वर्षांचा असताना, तो जालंधरच्या हरवल्लभ संगीत संमेलनात गायला. पुढे पं. द. वि. पलुसकर या नावाने त्यांनी रसिकांच्या मनात अढळ स्थान मिळवले. १९५२ च्या बैजू बावरा चित्रपटात उस्ताद अमीर खाँ यांच्याबरोबरची त्यांची जुगलबंदी आजही ऐकली जाते. दुर्दैवाने ऑक्टोबर १९५५ मध्ये वयाच्या अवघ्या चौतिसाव्या वर्षी त्यांचे निधन झाले. थोडक्या आयुष्यात त्यांनी मागे ठेवलेल्या ध्वनिमुद्रिका ऐकल्या म्हणजे या घराण्याच्या स्वच्छ, निर्मळ सुराची कल्पना येते.

भारत सरकारने १९७३ मध्ये पं. विष्णू दिगंबरांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढले.

आपल्यासाठी

पंडितजींच्या आयुष्याचा जमाखर्च मांडला तर खर्चाची बाजू फार मोठी दिसते. दृष्टी गेली, मुले गेली, इमारत गेली, पैसा तर कधी टिकलाच नाही. जमेच्या बाजूला एकच गोष्ट आहे, ती म्हणजे शिकवलेली माणसे. पण तेवढ्या एका रकमेने सारा हिशेब फिटला. मुंबईची इमारत लिलावात दुसऱ्याची झाली, तरी पंचवीस मुलांना शिकवलेला भूप राग कोणत्याही सावकाराला जप्त करता आला नाही.

प्रत्येक धर्मग्रामात हे समजणारी माणसे असतात. गायकवृंदात वर्षानुवर्षे पेटी वाजवणारे, लहान मुलांना स्तोत्रांच्या चाली शिकवणारे, सणाच्या आधी महिनाभर रात्री तालीम घेणारे. त्यांना मानधन मिळत नाही, फलकावर त्यांचे नाव लागत नाही, आणि सूर चुकला की बोल मात्र त्यांनाच लागतात. त्यांच्याजवळ जे आहे ते त्यांच्याबरोबर संपू नये, यासाठी कोणीतरी शिकायला पुढे यावे लागते. ज्यांना येते त्यांनी हातचे राखून ठेवू नये, आणि ज्यांची मुले गाऊ शकतात त्यांनी अभ्यासाचे कारण सांगून त्यांना मागे ओढू नये. जुन्या चाली वहीत उतरवून ठेवणे हेही कोणाला तरी करता येईल.

पलूसमध्ये राहतो म्हणून आपण सारेच पलूसकर. या नावाला ज्यांनी मान मिळवून दिला त्यांचा जन्मदिवस १८ ऑगस्टला आणि पुण्यतिथी २१ ऑगस्टला येते. त्या आठवड्यात मुलांना ही गोष्ट जरूर सांगावी. जमल्यास द. वि. पलुसकरांचे एखादे भजन घरात सर्वांनी मिळून ऐकावे. चांगले कान तयार व्हावेत, एवढीच त्या गायनाचार्यांची अपेक्षा होती.